कवि जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स

अर्वाचीन इंग्रजी कवितेचा अभ्यास करूं लागलें म्हणजे एक नवल दृष्टीस पडतें. ऑडेन, डिलन टॉमस इत्यादि विसाव्या शतकांतील तरुण कवींनीं ज्याच्या रचनेपासून धडे घेतले, तो हॉपकिन्स त्यांच्या जन्मापूर्वींच निवर्तला होता. आणि हयातींत कवि म्हणून त्याला फारसें कोणी ओळखीतहि नव्हतें.

त्याचा जन्म २८ जुलै १८४४ रोजीं लंडनजवळ स्ट्रॅटफर्ड येथें झाला. ऑक्सफर्ड येथें शिकत असतां १८६६ सालीं त्यानें रोमन कॅथॉलिक पंथ स्वीकारला. आईबापांस याचें फार दुःख झालें. १८६८ सालीं जेसुइट संघांत शिरण्यापूर्वीं त्यानें आपल्या कविता अग्नीच्या स्वाधीन केल्या. काव्यरचना आपल्या व्रतास शोभत नाहीं, अशी त्याची समजूत. आमचा पंथ निराळा, व ही समजूतहि आम्हांस पटत नाहीं. तथापि अशा त्यागापुढें मस्तक लवतें.

सात वर्षें तो बहुतेक मुकाच राहिला. १८७५ च्या डिसेंबरांत 'डॉइचलँड' नांवाची आगबोट टेम्स नदीच्या मुखाबाहेर वाळूंत रुतली. जर्मनींतील कायद्यांमुळें देशोधडीस लागलेल्या पांच फ्रॅन्सिस्कन संन्यासिनी त्या अपघातांत बुडाल्या. वरिष्ठांनीं सहज इच्छा दर्शविली, आणि हॉपकिन्सनें त्या प्रसंगावर दीर्घ काव्य रचिलें. त्याच्याच संघाच्या मासिकानें तें छापलें नाहीं.

त्याची चालच अपरिचित होती. इतर कवि ओळींतील अवयव व आघात दोन्ही मोजून लिहीत. हॉपकिन्सनें केवळ आघात मोजले, मधल्या निराघात अवयवांच्या संख्येचें बंधन ठेविलें नाहीं. इंग्रजी बडबडगीतांत ही चाल पूर्वींपासून आहे, हें त्यानें ओळखिलें होतें. गणवृत्तांवर वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ओंवी आठवावी, म्हणजे या मोकळेपणाची थोडी कल्पना येईल.

१८८४ पासून तो डब्लिन येथें ग्रीक भाषेचा अध्यापक होता. उत्तरपत्रिकांचे ढीग तपासतां तपासतां तो खचून जाई. (आम्हां शिक्षकांस याहून अधिक सांगणें नलगे!) त्या विषण्ण काळांतील सुनीतें त्याच्या उत्तम रचनांत मोडतात. ८ जून १८८९ रोजीं, अवघा ४४ वर्षांचा असतां, विषमज्वरानें त्याचा अंत झाला.

कविता राहिल्या त्या रॉबर्ट ब्रिजेस या कविमित्रापाशीं. त्यानें संग्रह काढला तो १९१८ सालीं! या विलंबाबद्दल त्याला दूषण देणारे आहेत. परंतु दुर्बोध वाटणारे ते कागद २९ वर्षें त्यानें जपले, हें आम्ही विसरूं शकत नाहीं. पहिल्या ७५० प्रती खपण्यास सुमारें दहा वर्षें लागलीं. संग्रह अर्पण केला होता कवीच्या आईस. ती माउली तेव्हां नव्वदी ओलांडून गेली होती.