लोकशाहीर पठ्ठे बापूराव : एक चरित्रदर्शन

आपल्या स्मरणिकेच्या पानांवर आजवर अनेक थोर पुरुषांची चरित्रे आली. त्यांत संत आले, दानशूर आले, विद्याव्यासंगी गृहस्थ आले. ज्यांच्यामुळे समाजाची मान उंचावली अशांचीच आठवण आपण करीत आलो, आणि ते योग्यही होते. या खेपेस मात्र मी निराळ्या कोटीतील पुरुषाची जीवनकथा आपल्यापुढे ठेवीत आहे. तो आपल्या ज्ञातीचा नव्हे, आणि ज्या ज्ञातीत तो जन्मला तिनेही त्याला आपला म्हटले नाही. तो गायक होता, कवी होता, वग रचणारा होता, फडाचा नायकही होता. त्याचे नाव शाहीर पठ्ठे बापूराव. एका ज्ञातिसंस्थेच्या अंकात अशा माणसाचे चरित्र कशासाठी, हा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी देण्याचा यत्न करीन.

प्रथम एक कबुली देणे मला प्राप्त आहे. शिक्षकी पेशात मराठीचे पाठ घेताना मी मुलांकडून श्लोक, आर्या आणि अभंग मोठ्या हौसेने पाठ करवून घेतले. परंतु लावणी हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळत असे. जत्रेत तमाशा आला की सभ्य घरातील मुलांनी त्या बाजूस फिरकू नये, असा आमच्या लहानपणी दंडक होता. तोच दंडक पुढे मी विद्यार्थ्यांना घातला. आता निवृत्तीनंतर जे वाचन घडले, त्यातून आपण एका मोठ्या दालनाचे दार मुलांसाठी बंद ठेवले असे वाटू लागले. हा लेख एका अर्थी त्या चुकीची भरपाई आहे.

पठ्ठे बापूराव यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ११ नोव्हेंबर १८६६ रोजी कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी, ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात मोडते. मराठी चौथीपर्यंतचे शिक्षण गावी झाले. पुढील शिक्षणासाठी ते औंध संस्थानात गेले आणि इंग्रजी पाचवीपर्यंत शिकले. मग शाळा सोडून त्यांना गावी परतावे लागले. त्या काळी एवढे शिक्षण व हाती कुलकर्णीपण असलेल्या तरुणाला गावात मानाने दिवस काढता आले असते. दप्तर सांभाळावे, वसुलीचे हिशेब लिहावेत आणि सणावारी पहिल्या पंक्तीस बसावे, असे आयुष्य त्यांच्यासाठी जणू आखूनच ठेवलेले होते.

परंतु या तरुणाचे कान दप्तरात नव्हते. पहाटे घरोघरी जाती सुरू होत आणि बायाबापड्या ओव्या गात. त्या ओव्यांच्या चालींनी लहानपणीच त्यांच्या मनाचा ठाव घेतला होता. गावच्या तमासगिरांच्या बैठकीत ढोलकी घुमू लागली की ते तेथे जात. तमाशाचा फड म्हणजे तेव्हा महार, मांग आदी समाजांतील कलावंतांचे क्षेत्र. कुलकर्ण्याने तेथे उभे राहून ऐकणे हेच मुळी गावाला खटकणारे होते. श्रीधरपंत ऐकून थांबले नाहीत. ते त्यांच्यासाठी लावण्या रचू लागले, मग त्यांच्यात बसून गाऊ लागले आणि अखेरीस कुलकर्णीपण व घरदार मागे टाकून फडाबरोबर निघून गेले. श्रीधर कुलकर्णी हे नाव मागे पडले, आणि लावणीच्या शेवटच्या चरणात कवीने आपले नाव गुंफावे या शाहिरी रिवाजाप्रमाणे पठ्ठे बापूराव हे नाव महाराष्ट्राच्या कानी पडू लागले.

ब्राह्मणाने तमाशात जाण्याचे हे पहिलेच उदाहरण नव्हते. पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापूरचे राम जोशी याच वाटेने गेले होते. पण राम जोशी पुढे कीर्तनाकडे वळले आणि पंडितांच्या सभेतही मान्यता पावले. बापूरावांना परतीची वाट नव्हती व ती त्यांनी शोधलीही नाही. शिवाय पेशवाईतील शाहिरास सरदारांचा आश्रय असे. इंग्रजी अमदानीत तो आश्रय सरला, आणि नव्या शिक्षणाने घडलेल्या वर्गाला तमाशा हा शब्दच अशिष्ट वाटू लागला. ज्या काळात या कलेची प्रतिष्ठा तळास गेली होती, नेमक्या त्याच काळात बापूरावांनी ती हाती धरली.

त्यांनी तिला काय दिले, हे समजण्यासाठी तमाशाची घडण ठाऊक असणे अवश्य आहे. आपल्या विदर्भात खडी गंमत आणि दंडार पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना ती परकी वाटणार नाही. ढोलकी, तुणतुणे, हलगी आणि झांज यांच्या साथीने खेळ उभा राहतो. आरंभी गणपतीचे स्तवन, त्याला गण म्हणतात. मग गौळण येते, तीत कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, गवळणी आणि त्यांची मावशी यांची थट्टामस्करी रंगते. त्यानंतर सोंगाड्याची बतावणी व लावण्या, आणि शेवटी वग म्हणजे कथानाट्य. उमा सावळजकर या मातंग कलावंताचा १८६५ च्या सुमाराचा मोहना बटाव हा पहिल्या वगांपैकी गणला जातो. म्हणजे वगाची परंपरा बापूरावांना सिद्ध मिळाली होती. तिच्यात त्यांनी भर घातली ती या खेळाच्या प्रत्येक अंगासाठी. गण, गौळण, शृंगारिक लावणी, भेदिक कवन, सवाल-जवाब, वग, असा एकही प्रकार नाही की ज्यात त्यांची रचना नाही. त्यांच्या लावण्यांची संख्या लाखांत सांगितली जाते. ती अतिशयोक्ती मानली तरी ज्या रचना संग्रहांतून छापल्या गेल्या, त्यांवरूनही त्यांच्या झपाट्याची कल्पना येते.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की तीत शाळेतले संस्कृत शब्द आणि जात्यावरच्या बाईची बोली एकाच चरणात सुखाने नांदतात. पुराणकथा ठाऊक असलेला श्रोता एका शब्दाने सुखावे, तर न शिकलेला गडी दुसऱ्या शब्दाने. नव्या काळावरही त्यांची दृष्टी होती. मुंबईचे रस्ते, बाजार, गर्दी आणि चैन यांचे वर्णन करणारी त्यांची लावणी सर्वतोमुखी झाली. आपल्या हिंगणघाट-पुलगावच्या कापडगिरण्यांतील कामगारवस्ती ज्यांनी पाहिली, त्यांना मुंबईच्या गिरणगावाची कल्पना सहज येईल. घाटावरून आलेला, बायकामुलांपासून दूर एका खोलीत दहा-बाराजणांत राहणारा कामगार दिवसभराच्या श्रमानंतर या फडासमोर बसे. आपल्या गावची भाषा, गावची ढोलकी व गावचा विनोद त्याला तेथे भेटे. त्याच सुमारास, १८८१ पासून, दूर पॅरिस शहरातही गोरगरिबांच्या बोलीत गाणाऱ्या गायकांची लहान नाट्यगृहे निघाली, आणि दिवसा नाक मुरडणारे प्रतिष्ठित लोक रात्री तेथे जाऊन बसत. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच म्हणावयाचा!

बापूरावांच्या कीर्तीत निम्मा वाटा पवळेचा आहे, हे सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा या गावची ही महार कुटुंबातील कन्या. बालपणीच तिला खंडोबाला मुरळी म्हणून वाहिले होते. पूर्वी तमाशात मुलगे लुगडे नेसून नाचत, त्यांना नाच्या पोरे म्हणत. तेथे स्वतः स्त्री उभी राहिली, आणि ज्या पहिल्या स्त्रिया अशा उभ्या राहिल्या त्यांत पवळेचे नाव अग्रभागी आहे. तिचे रूप, तिचा आवाज आणि बापूरावांचे शब्द यांचा असा मेळ जमला की मुंबईत त्यांच्या खेळाला माणसांचे लोंढे लोटले. येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. त्याच काळी सुशिक्षितांच्या संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करीत आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्या लुगड्याची नक्कल करीत. जी गोष्ट प्रतिष्ठित रंगभूमीला पुढे कित्येक वर्षांनी साधली, ती या तुच्छ लेखलेल्या तमाशाने आधीच करून दाखविली होती.

राजाश्रयाचा एक क्षणही त्यांच्या वाट्यास आला. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींपुढे त्यांनी मिठाराणीचा वग सादर केला. ज्या राजाने १९०२ साली आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याच्यापुढे एका जातीबाहेर पडलेल्या ब्राह्मणाने महार-मांग सहकाऱ्यांसह खेळ करावा, हा योग मोठा अर्थपूर्ण होय.

येथवर वाचून वाचकांस वाटेल की हा पुरुष म्हणजे जातिभेद पायाखाली तुडविणारा वीरच. तसे म्हणण्यास एक मोठी अडचण आहे, आणि ती दडविणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तयारी चालू होती. त्या कार्यासाठी आपल्या तमाशाच्या काही खेळांचे उत्पन्न द्यावे, अशी इच्छा घेऊन बापूराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे गेले. बाबासाहेबांनी ते द्रव्य नाकारले. चळवळीला पैशाची नड असतानाही नाकारले. आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्याच उद्धाराच्या कार्यास चालणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

या प्रसंगावर मी पुष्कळ दिवस विचार केला. बापूरावांचा हेतू खोटा होता असे मला वाटत नाही. आपल्या जातीचे कवच फेकून देऊन ते ज्यांच्यात मिसळले, त्यांच्या लढ्यास हातभार लावावा असे त्यांना मनापासून वाटले असावे. पण बाबासाहेबांची दृष्टी अधिक दूरची होती. ब्राह्मण तमाशात गेला तर तो त्याचा छंद, त्याचे धाडस; त्याची कथा होते. पवळेसारखी मुलगी तमाशात आली ती छंद म्हणून नव्हे. दारिद्र्याने, रूढीने आणि जातीने तिच्यापुढे दुसरे दारच ठेवले नव्हते. एकाने दार उघडून बाहेर पाऊल टाकले, दुसरीला त्याच दारातून आत ढकलले गेले. दोघे एका बोर्डावर उभे राहून गायले म्हणून दोघांची स्थिती एक होत नाही. कलावंताला वंदन करताना हा भेद विसरता कामा नये.

पुढील आयुष्य उताराचे होते. पवळा त्यांच्यापासून दुरावली, आणि बापूरावांच्या आधी काही वर्षे तिने जगाचा निरोप घेतला. बापूरावांचा फड मोडकळीस आला. ज्यांच्या लावण्यांवर इतरांचे फड चालले, त्यांचे स्वतःचे वार्धक्य विपन्नावस्थेत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर थोड्याच काळात मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी आणली. मग १९४८ साली दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समिती नेमावी लागली. १९५० साली राजा नेने यांच्या दिग्दर्शनाखाली बापूरावांच्या नावाचा बोलपट निघाला. जिवंतपणी ज्याला पंक्तीतून उठविले, त्याची मृत्यूनंतर पाच वर्षांत पडद्यावर पूजा झाली. पवळेच्या आठवणीस मात्र बराच काळ वाट पाहावी लागली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. ज्ञातिसंस्थेने अशा माणसाचे स्मरण का करावे? ज्ञाती म्हणजे आधार, असे आपण म्हणतो. विद्यार्थ्यांस वसतिगृह, विधवेस साहाय्य, मुलीच्या लग्नास हातभार, ही कामे संस्था करतात आणि ती चांगली आहेत. परंतु ज्ञाती आधार देते त्याच हाताने कोणाला तरी उंबऱ्याबाहेरही काढते. कोणी निराळा धंदा पत्करला, कोणी निराळ्या घरी लग्न केले, की त्याचे नाव आपल्या नोंदवहीतून हलकेच गळते. तो पुढे नावारूपास आला तर आपण त्याच्या सत्काराचा ठराव करतो, नाही आला तर त्याचे काय झाले हे विचारीतही नाही. रेठऱ्याच्या श्रीधर कुलकर्ण्याचे दैव याहून निराळे नव्हते.

आपल्या वर्ध्याने या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. महाडनंतर दुसऱ्याच वर्षी, १९२८ साली, शेठ जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने येथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले झाले. स्वतःच्या घराण्याच्या मंदिराचे दार उघडावयास लागते ते धैर्य मोठे. आपल्यालाही उघडण्याजोगी लहानसहान दारे पुष्कळ आहेत.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. ज्ञातिबांधवांनी पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी आपापल्या घरातील वृद्धांस विचारावे, की आपल्या कुळातून कोण कोण असे निघून गेले, कोणाचे नाव आपण घेईनासे झालो. त्यांत एखादा शाहीर असेल, एखादी गाणारी असेल, कोणी नुसताच मनस्वी असेल. त्यांची नावे लिहून आणावीत. त्यांच्या साऱ्याच वर्तनाचे समर्थन करावे असे नाही. बापूरावांचेही मी केलेले नाही. पण नाव पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती नावे या पानांवर आली, तर ही स्मरणिका आपल्या नावाला खऱ्या अर्थाने पात्र होईल.