डॉ. रखमाबाई : विद्येतून आरोग्याकडे

आपल्या सुतार ज्ञातीस ज्यांच्याविषयी यथार्थ अभिमान वाटावा, अशा व्यक्तींत कै. डॉ. रखमाबाईंचे स्थान अग्रभागी आहे. न्यायालयातील खटल्यामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्यांच्या आयुष्याचे खरे सार त्यानंतरच्या प्रदीर्घ रुग्णसेवेत आहे.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. ज्ञातीत पुनर्विवाहास मुभा असल्याने मातोश्री जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विद्याव्यासंगी गृहस्थांशी विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. शाळा सुटली, तथापि माहेरी राहून त्यांनी वाचनाचा व्यासंग सोडला नाही.

१८८४ साली दादाजींनी त्यांना नांदावयास आणण्यासाठी दावा लावला. १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये सासरी जावे, नाहीतर सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम झाला. अजाणतेपणी झालेला विवाह मान्य करण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 'केसरी'सह सनातनी मत त्यांच्या विरुद्ध होते. स्त्रीशिक्षणाचेच हे फळ, असा त्या पक्षाचा आक्षेप होता. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या खटल्याने पेटलेल्या वादातूनच पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा होण्यास मोठे साहाय्य झाले; त्याने वयाची मर्यादा १० वरून १२ वर आली.

१८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या आणि १८९४ साली वैद्यकीय पदव्या संपादन केल्या. मायदेशी परतल्यावर प्रथम सुरतेच्या व नंतर राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. त्या काळी पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यापेक्षा कित्येक स्त्रिया दुखणे अंगावर काढीत, बाळंतपणे अंधाऱ्या खोलीत होत आणि माता व अर्भके उपचाराविना दगावत. अशा घरांना रखमाबाईंच्या रूपाने आपली वाटणारी डॉक्टर लाभली. १९२९ साली निवृत्त झाल्यावर पडदापद्धती नष्ट व्हावी म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

ज्या विद्येला समाजाने दोष दिला, तिनेच पुढे त्याच समाजाच्या लेकीसुनांचे प्राण वाचविले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. साक्षर माता औषधाची चिठ्ठी वाचते, लसीची तारीख ध्यानात ठेवते, तापाला देवीचा कोप न मानता वेळीच दवाखाना गाठते. आज कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय १८ आहे. तरीही दहावी होताच मुलीची शाळा थांबविणारी घरे आपल्यात नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? रखमाबाईंच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. घरातील मुलीचे पुस्तक तिच्या हातातून काढून न घेणे, हीच त्यांना खरी आदरांजली होय.