११ वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात काढली आणि हेन्री बेट्सने फुलपाखरांची नकलेगिरी पकडली

इंग्लंडमधलं लेस्टर हे मोजे विणणाऱ्यांचं शहर. तिथे १८२५ साली हेन्री वॉल्टर बेट्सचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं मोज्यांच्या एका कारखानदाराकडे उमेदवारीला लागलं. दिवसभर काम, रात्री कामगारांच्या वर्गात अभ्यास आणि सुट्टी मिळाली की रानात जाऊन भुंगेरे पकडायचे. १८ व्या वर्षी त्याचा भुंगेऱ्यांवरचा लेख एका मासिकात छापूनही आला.

त्याच शहरात आल्फ्रेड रसेल वॉलेस शाळेत शिकवायचा. दोघांची दोस्ती झाली. पैसा कुणाकडेच नव्हता, पदवीही नव्हती. तरी ठरलं, ॲमेझॉनला जायचं, कीटक-पक्षी गोळा करायचे, लंडनच्या एजंटमार्फत विकायचे आणि त्यावरच जगायचं. मे १८४८ मध्ये दोघं ब्राझीलला उतरले.

वॉलेस १८५२ मध्ये परत निघाला, तर वाटेत जहाजाला आग लागून त्याचा बहुतेक संग्रह समुद्रातच गेला. बेट्स मात्र मागेच राहिला. नदीच्या वरच्या अंगाला एगा नावाचं गाव होतं, आजचं तेफे. तिथे एकदा वर्षभर ना पत्र आलं ना पैसे. कपडे फाटले, अनवाणी फिरायची वेळ आली, त्यात नोकर पळाला आणि पैसेही चोरीला गेले. तरी गड्याने जाळं काही सोडलं नाही.

जंगलात त्याला एक गोष्ट खटकत होती. हेलिकॉनिड जातीची फुलपाखरं भडक रंगाची, संथ उडणारी. खरंतर पक्ष्यांसाठी आयती मेजवानीच. पण त्यांच्या मागे लागलेला पक्षी त्याला कधी दिसेना. बेट्सने अंदाज बांधला की ही चवीला वाईट असणार.

खरी गंमत पेटीत कळली. एकसारखी दिसणारी फुलपाखरं जवळून बघितली, तर काहींचे पाय वेगळेच. हेलिकॉनिड चार पायांवर चालतं आणि ही सहा पायांवर. म्हणजे ही आपल्या कोबीवर येणाऱ्या पांढऱ्या फुलपाखरांची चुलत भावंडं निघाली, फक्त वेश परक्याचा! नदीकाठाने पुढे गेलं की हेलिकॉनिडची नक्षी बदलायची आणि तिच्यासोबत या बहुरूप्यांचीही.

हा खेळ तिघांचा आहे. पक्षी एकदा वाईट चवीचं फुलपाखरू खातो आणि ती नक्षी लक्षात ठेवतो. चवदार नकलाकार फुकटात वाचतो. डुप्लिकेट माल ओरिजिनलच्या नावावर खपतो, तसंच. पण नकली फार वाढले तर पक्ष्याला चवदार घास जास्त मिळणार, भीती मोडणार आणि मार अस्सललाही बसणार. म्हणून नकली कमी असतील तरच हे जमतं. बेट्सलाही ते मोजकेच सापडत होते.

हे बघायला ब्राझीलला जायची गरज नाही. कढीपत्त्यावर अंडी घालणारं कॉमन मॉर्मन आपल्याकडे सर्रास दिसतं. त्याच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारख्या असतात. अळी असताना कॉमन रोझ विषारी वेल खातं, मॉर्मन मात्र लिंबू-कढीपत्त्यावर वाढतं.

बेट्स १८५९ मध्ये परतला. वॉलेसचं बघून शहाणा झाला होता, त्याने संग्रह तीन जहाजांत वाटून पाठवला. एकूण १४,००० हून जास्त जाती, त्यातल्या सुमारे ८,००० शास्त्राला नव्या. त्याच वर्षी डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला आणि त्यावर टीकेची झोड उठली. १८६१ मध्ये बेट्सने नकलेवरचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला. जास्त हुबेहूब दिसतो तो वाचतो, बाकीचे पक्षी टिपतात, ही नैसर्गिक निवडच होती. डार्विन इतका खूश झाला की त्याने स्वतः त्यावर परीक्षण लिहिलं आणि बेट्सच्या मागे लागून प्रवासवर्णन लिहून घेतलं. ते १८६३ मध्ये आलं आणि गाजलं.

पण पोटाचं काय? ब्रिटिश म्युझियमच्या प्राणिशास्त्र विभागात त्याला नोकरी हवी होती, ती मिळाली नाही. पुढे कवी म्हणून नाव कमावलेल्या एका तरुणाची तिथे वर्णी लागली. हे मात्र पटत नाही. १८६४ मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत सहायक सचिवाची जागा मिळाली आणि मग पुढची जवळपास २८ वर्षं तो दुसऱ्यांच्या मोहिमांचे कागद सांभाळत राहिला. उरलेल्या वेळात पुन्हा भुंगेरे. फेब्रुवारी १८९२ मध्ये लंडनमध्ये तो वारला, तेव्हाही त्याच नोकरीत होता. ॲमेझॉनला परत जाणं काही झालं नाही.