पेन्सिल सेलवरचा खेळ

परवा दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत बसलो होतो. सोबत सुट्टीला आलेला नातू. मोबाइलची बॅटरी संपली आणि स्वारी कंटाळली. तेव्हा पिशवीतून मी एक जुनी वस्तू काढली. कपाट आवरताना सापडलेला, विटा रचायचा व्हिडिओ गेम. तो त्याच्या बाबाचा. दहावीच्या वर्षी मीच काढून घेतला होता. परीक्षा झाली की देतो म्हणालो आणि दिलाच नाही. नवे सेल घातले, चिवचिवाट झाला. नातवाला काही शिकवावं लागलं नाही. बोट लागली तरी आम्हा दोघांच्या माना खालीच!

तो गेम नाव नसलेल्या कुठल्याशा कारखान्यातली नक्कल होती. मूळ खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत जन्मलेला टेट्रिस. पण असा खेळ खिशात घालून नेण्याची वाट ज्यानं रुळवली, तो माणूस जपानचा. गुनपेई योकोई.

योकोई १९४१ साली क्योटोत जन्मला. इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये निन्टेंडो या कंपनीत लागला. कंपनी तेव्हा पत्ते छापायची आणि याचं काम यंत्रांची देखभाल. रिकाम्या वेळात त्यानं गंमत म्हणून लाकडी पट्ट्यांचा लांब होणारा हात बनवला. मालक यामाउचींच्या नजरेला तो पडला. नोकरी जायची, तर उलट त्याचंच खेळणं करायचा हुकूम झाला. १९६६ मध्ये बाजारात आलेले हे हात दहा लाखांच्या वर खपले आणि मिस्त्री खेळणीकार झाला.

पुढे एकदा आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबताना त्याला दिसला. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत त्याचे पडदे स्वस्त झाले होते. योकोईनं त्यांतून १९८० मध्ये घड्याळासह खिशातला खेळ काढला. दोन वर्षांनी अधिक चिन्हासारखं चार दिशांचं बटण आणलं. आजही खेळयंत्रांवर डाव्या अंगठ्याखाली तेच असतं.

त्याचा साधा हिशोब असा, की जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याला नवं काम द्यावं. १९८९ चा गेमबॉय या हिशोबातूनच आला. पडद्याला रंग नाही, उजेड नाही. प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत पडदे सहा सेल काही तासांत फस्त करत. हा चार सेलवर कितीतरी जास्त चाले. रंगीत भावंडासह तो ११ कोटींहून अधिक खपला.

पण १९९५ मध्ये त्याचा हिशोब चुकला. डोळे लावून पाहायचं, लाल चित्रांचं त्याचं यंत्र लोकांना रुचलं नाही. डोळे आणि डोकं दुखण्याच्या तक्रारी झाल्या. वर्षभरातच ते आवरतं घ्यावं लागलं. १९९६ मध्ये कंपनी सोडून त्यानं स्वतःचं छोटं दुकान थाटलं. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यात किरकोळ टक्कर झाली. पाहायला तो गाडीतून उतरला आणि दुसऱ्या गाडीनं त्याला उडवलं. वय ५६. त्याच्या हाताखाली आकाराला आलेलं शेवटचं खेळयंत्र १९९९ मध्ये विक्रीला आलं. ते एकाच पेन्सिल सेलवर चालायचं.

हे खेळ पिढ्यांना पुरून उरले, ते मला वाटतं याच काटकसरीमुळे. भपका नसला, की आजोबालाही जमतं आणि नातवालाही.

सुट्टी संपली, नातू निघाला. त्याच्या पिशवीत मी तो खेळ ठेवला आहे, नव्या सेलच्या जोडीसह. बाबाला दे म्हणून सांगितलं आहे. परीक्षा होऊन बरीच वर्षं झाली.