रेल्वेखालून जाणाऱ्या होड्या

कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. अर्धवट खणलेला पाया आणि त्यावरचा उघडा सांगाडा म्हणजे आमच्या हिशेबी अडकलेला पैसा. त्यामुळेच वॉल्ट डिस्नेच्या आयुष्यात मला मिकी माउसपेक्षा कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचा एक खड्डा अधिक खुणावतो.

डिस्नेचा जन्म १९०१ सालचा, शिकागोतला. लहानपणाची काही वर्षे मिसुरीतल्या मार्सेलिनच्या शेतावर गेली. १९२८ मध्ये मिकीने त्याला नाव मिळवून दिले. तरीही त्याने करमणुकीच्या बागेचा विषय काढला, तेव्हा कंपनीची तिजोरी सांभाळणारा थोरला भाऊ रॉयही बिचकला. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढले, पाम स्प्रिंग्जचे घर विकले. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने भांडवल घातले आणि १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. तिथल्या जंगलातल्या जलसफरीसाठी त्याला खरे प्राणी हवे होते. पण प्रेक्षक येण्याच्या वेळी ते झोपलेले असणार, हे कळल्यावर यांत्रिक प्राणी आले.

पुढचा बेत समुद्री चाच्यांचा होता. तळघरात मेणाचे पुतळे मांडायचे, लोकांनी चालत पाहायचे. खोदाई झाली, पोलादी सांगाडा उभा राहिला आणि काम थांबले. न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेने चार दालनांचे काम अंगावर घेतले होते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा खोळंबाच वाटला असता. पण या आडवाटेने दोन गोष्टी हाती दिल्या. इलिनॉय राज्याच्या दालनात अब्राहम लिंकनचा यांत्रिक पुतळा खुर्चीतून उठून भाषण करू लागला. पेप्सी-कोलाच्या दालनात, युनिसेफच्या गौरवार्थ, मेरी ब्लेअरच्या रंगसंगतीतून जगभरच्या मुलांच्या बाहुल्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामधून पाण्याच्या प्रवाहावर होड्या निघाल्या. चालणारा माणूस आवडत्या पुतळ्यापुढे रेंगाळतो आणि मागची रांग तुंबते. होडी कोणालाच रेंगाळू देत नाही.

मग चाच्यांचा आराखडा मुळापासून बदलला. पुतळे हलू-बोलू लागणार होते, प्रेक्षक होडीतून जाणार होते. एवढ्या पसाऱ्याला तळघर पुरेना. तेव्हा होड्या दोन उतारांवरून खाली सोडून, बागेभोवतीच्या रेल्वेखालून, पलीकडच्या मोठ्या इमारतीत न्यायचे ठरले. मार्क डेव्हिसने चाचे आणि त्यांचे विनोदी प्रसंग रेखाटले, क्लॉड कोट्सने परिसर उभा केला, एक्स अ‍ॅटेन्सिओने संवाद आणि गाण्याचे शब्द लिहिले.

चाचे एका गावात लिलाव मांडतात, तो प्रसंग आधी गोदामात उभारून पाहिला गेला. वॉल्टला चाकांवरच्या खुर्चीत बसवून होडीच्या वेगाने त्याच्यासमोरून ढकलत नेले. तेवढाच प्रवास त्याच्या वाट्याला आला. फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेला वॉल्ट १५ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी गेला. १८ मार्च १९६७ रोजी जलसफर सुरू झाली. खड्डा ठरल्या वेळी भरला असता, तर त्याने आपले संग्रहालय डोळ्यांनी पाहिले असते. पण ते मेणाचे, निश्चल राहिले असते.

त्या लिलावात बायका विकल्या जात. २०१८ मध्ये तो प्रसंग बदलला. विक्रीला लुटीचा माल आला आणि बोली लागणारी लाल केसांची बाई स्वतःच चाचा झाली. मला हा बदल रास्त वाटतो. बाग कधी पुरी होऊ द्यायची नाही, हे डिस्नेचेच धोरण होते. त्याने खुर्चीतून पाहिलेला लिलाव आता तसा उरलेला नाही; होड्या मात्र अजून त्याच दोन उतारांवरून रेल्वेखाली शिरतात.