गिरगावच्या वाड्यातून निघालेली गाडी

वसमत तालुक्यातल्या हट्ट्याचा माणूस मुंबईला निघाला, की आधी वसमत, पूर्णा नाही तर परभणीचे स्टेशन गाठतो. एके काळी त्याला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. निजामाच्या राज्यातला मार्ग मीटरगेज, तर मुंबईचा ब्रॉडगेज. मनमाडच्या फलाटावर गाठोडी सांभाळीत बसलेल्या त्या प्रवाशाला शाळेत एवढेच शिकवलेले असे, की आगगाडी इंग्रजांनी आणली. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या आगगाडीमागे एका मराठी माणसाचीही खटपट होती. ते म्हणजे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. वडील मुंबईतले बडे व्यापारी. १८२२ मध्ये ते वारले आणि विशीही न ओलांडलेल्या नानांवर सारा कारभार येऊन पडला. त्यांनी तो सांभाळला; पण पैसा नुसता तिजोरीत ठेवला नाही. शिक्षणसंस्था उभ्या केल्या. मुलींनी शिकणे पाप समजले जात होते, त्या काळात मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली.

इंग्लंडमध्ये १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर गाडी धावू लागली होती. तसे काही मुंबईतही व्हावे, म्हणून १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन मंडळी जमवली. १८४९ मध्ये लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी रीतसर स्थापन झाली आणि नाना तिच्या संचालकांत बसले. कंपनीच्या कचेरीला सुरुवातीला जागा मिळाली, तीही नानांच्या गिरगावच्या वाड्यातच!

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन तीन इंजिनांची गाडी ठाण्याकडे निघाली. तोफांची सलामी झडली. पाहुण्यांत नानाही होते. ३४ किलोमीटरचे अंतर तासाभरात कापले गेले. बैलगाडीच्या चालीने जगणाऱ्या लोकांना हा चमत्कारच वाटला.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इंग्रज गिरणीवाल्यांना आपल्याकडचा कापूस हवा होता, सरकारला फौजा हलवायच्या होत्या. कंपनीच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तूट आली, तर ती इथल्या रयतेच्या महसुलातून भरायची. १८६३ मध्ये गाडी बोरघाट चढली, ती हजारो मजुरांच्या मरणावर. संचालकांची नावे राहिली, त्या मजुरांची कोणी लिहून ठेवली नाहीत. नानांचा मोठेपणा सांगताना हे विसरून चालणार नाही.

तरीही नानांनी एक गोष्ट ओळखली होती. नवे यंत्र आपल्या दारात येणारच असेल, तर नुसते बघे होऊन उभे राहू नये. जिथे निर्णय होतात तिथे आपलाही माणूस बसलेला असावा. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन करून सरकारपुढे लोकांची गाऱ्हाणी मांडली, ती याच समजुतीने. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. मराठवाड्यात मनमाडकडून रूळ येण्यास त्यानंतर तीन तपे उलटावी लागली. पूर्णा–अकोला मार्ग तर रुंद झाला २००८ साली. बोरीबंदरच्या भव्य इमारतीवर कंपनीच्या संचालकांच्या दगडी मुद्रा कोरल्या आहेत. त्यांत नानांचीही आहे. हट्ट्याहून मुंबईला जाणाऱ्याने स्टेशनाबाहेर पडल्यावर क्षणभर थांबून मान वर करावी आणि मुलाबाळांना ती दाखवावी. आणि घाटातल्या त्या अनाम मजुरांचीही आठवण सांगावी.