मऊ चाकाची लांब धाव

1887 सालच्या अखेरीस बेलफास्टमधल्या एका घराच्या अंगणात अगदी साधा प्रयोग झाला. घरमालकाने दोन चाके घेतली. एक होते मुलाच्या तीनचाकी सायकलचे नेहमीचे कडक चाक. दुसरे त्याने स्वतः बनवले होते: लाकडाची गोल तबकडी आणि तिच्या कडेने बसवलेली, हवा भरलेली रबरी नळी. दोन्ही चाके त्याने हाताने ढकलून अंगणात सोडली. कडक चाक थोडे अंतर जाऊन आडवे झाले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि उलटे फिरले.

घरमालकाचे नाव जॉन बॉइड डनलॉप. ते यंत्रज्ञ नव्हते की सायकलचे कारखानदारही नव्हते. ते जनावरांचे डॉक्टर होते.

डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते दिवस भरण्याआधी जन्मले, असे आईवडील सांगत. त्यामुळे लहानपणापासून त्यांची प्रकृती नाजूक मानली गेली आणि तेही आयुष्यभर स्वतःला जपत राहिले. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे स्कॉटलंडमध्येच व्यवसाय केला. 1867 साली ते आयर्लंडमध्ये आले. आधी डाउनपॅट्रिक येथे भावासोबत आणि नंतर बेलफास्टमध्ये त्यांनी दवाखाना चालवला. 1880च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक झाला होता. 1871 साली मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्यासाठी सायकल चालवण्याचा व्यायाम घरच्या डॉक्टरांनीच सुचवला होता, असे सांगितले जाते. पण बेलफास्टच्या रस्त्यांवर दगडी फरसबंदी होती आणि मधून ट्रामचे रूळ गेलेले होते. त्या काळच्या सायकलींच्या चाकांवर बहुधा भरीव रबराची पट्टी असे. जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धाव आठवली, की भरीव रबर तिच्यापेक्षा थोडेसेच बरे असणार हे लक्षात येते. फरसबंदीच्या प्रत्येक सांध्यागणिक धक्का बसे. मुलाचा हा त्रास कमी करावा, एवढ्यासाठीच डनलॉप यांनी रबराचे पातळ पत्रे आणि कापड घेऊन खटपट सुरू केली. रबर हाताळण्याची त्यांना आधीपासून सवय होती.

अंगणातल्या प्रयोगातून जे दिसले, ते त्या वेळच्या समजुतीच्या विरुद्ध होते. चाक जितके कडक तितके ते हलके फिरणार, असेच सगळे मानत. मऊ चाक आरामाला बरे, पण पळायला जड, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा होता. मग मऊ चाक जास्त दूर कसे गेले?

याचे उत्तर चाकात जितके आहे, तितकेच अंगणाच्या जमिनीत आहे. कडक चाकापुढे खडा आला की चाकाला त्याच्यावर चढावे लागते. चाकाबरोबर सायकल आणि स्वाराचे वजनही उचलले जाते. त्यासाठी लागणारी ताकद पुढे जाण्याच्या वेगातून वजा होते. खाली आदळताना तिचा मोठा भाग परत मिळत नाही. तो सीटमध्ये, हँडलमध्ये आणि स्वाराच्या स्नायूंत जिरतो. हवेची नळी मात्र खड्याला पोटात घेते. तेवढ्या जागी ती दबते, वजन फारसे उचलले जात नाही आणि खडा मागे पडला की दबलेली हवा पुन्हा पसरून बरीच ताकद परत देते. मऊ चाकाचेही नुकसान होतेच. रबर वाकताना आणि सरळ होताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. खडबडीत जमिनीवर हे नुकसान धक्क्यांच्या नुकसानीपेक्षा कमी ठरते. गुळगुळीत पृष्ठभागावर हिशेब उलटतो. रुळावरून धावणारे रेल्वेचे पोलादी चाक म्हणूनच इतके हलके फिरते. म्हणजे कोणते चाक चांगले, याचा निकाल रस्ता लावतो.

1888च्या सुरुवातीला जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांवर हवेचे टायर चढले. त्यानंतर डनलॉप यांनी दोनचाकी सायकलसाठी मोठे टायर केले आणि बेलफास्टच्या चेरीव्हेल मैदानावर त्यांची चाचणी घेतली. 7 डिसेंबर 1888 रोजी त्यांना पेटंट मिळाले.

लोकांना मात्र हे जाडजूड टायर पाहून हसू येई. त्यांचे हसू थांबवले ते शर्यतींनी. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कर्णधार विली ह्यूम याने हवेच्या टायरची सायकल विकत घेतली होती. डनलॉप यांच्या सांगण्यावरून त्याने ती शर्यतीत उतरवली. 18 मे 1889 रोजी क्वीन्स कॉलेजच्या क्रीडामहोत्सवात ह्यूमने सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. थोड्याच दिवसांत इंग्लंडमधल्या लिव्हरपूल येथे त्याने एक सोडून सगळ्या शर्यती मारल्या. ज्यांना त्याने हरवले, त्यांत हार्वी डू क्रॉस या उद्योजकाची मुलेही होती. डू क्रॉस आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. मुलांची हार पाहून त्यांनी डनलॉप यांना गाठले. दोघांनी मिळून कंपनी उभी केली. डनलॉप यांनी आपले हक्क काही रोख रक्कम आणि थोड्या समभागांच्या बदल्यात कंपनीला दिले.

इथे कथेला वेगळे वळण लागले. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच ते रद्दबातल असल्याचे डनलॉप यांना कळवण्यात आले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने 1845 साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, हवेच्या चाकाचे ब्रिटिश पेटंट घेतले होते. पुढे फ्रान्स आणि अमेरिकेतही त्याने ते नोंदवले. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि बाहेर चामड्याचे वेष्टण, अशी त्याची रचना होती. 1847 साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून त्याने चाचणीही घेतली होती. पण तेव्हा रबर महाग होते आणि सायकलींचा जमाना यायचा होता. थॉमसन 1873 साली वारला आणि त्याचे चाकही विस्मरणात गेले. डनलॉप यांना त्याची माहितीच नव्हती. त्यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली होती. कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे नव्हते.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली होती. डनलॉप यांचे पहिले टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झाले की सगळे सोलून काढावे लागे. ही अडचण इतरांनी सोडवली. 1890 साली वेल्श आणि बार्टलेट या दोघांनी काढता-घालता येणाऱ्या टायरची वेगवेगळी पेटंटे घेतली आणि कंपनीने त्यांचे हक्क मिळवले. कंपनी टिकली ती या पेटंटांच्या बळावर. हवा आत जाऊ देणारा पण बाहेर न सोडणारा व्हॉल्व्ह वुड्स नावाच्या संशोधकाने सुधारला. तो पुढे डनलॉप व्हॉल्व्ह म्हणूनच ओळखला गेला. भारतातल्या साध्या सायकलींना अजूनही तोच असतो. सायकलच्या दुकानात मिळणारी छोटी व्हॉल्ट्यूब त्याच्यावरच चढवतात.

डनलॉप 1895 साली कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी टायरचा हा सगळा व्यवसाय 30 लाख पौंडांना विकला गेला. विकत घेणाऱ्याने तो 50 लाख पौंडांना लोकांच्या गळ्यात घातला. डनलॉप यांच्या वाट्याला यातली मोठी संपत्ती आली नाही. मोटारींचे टायर कंपनीने 1900 साली बनवायला घेतले, तेव्हा ते कंपनीत नव्हतेच. कंपनीच्या जाहिरातींत मात्र त्यांच्या चेहऱ्याचा, उंच टोपी घातलेला छानछोकीचा म्हातारा दिसू लागला. साध्या राहणीच्या डनलॉप यांना हे सोंग अपमानकारक वाटले आणि त्यांनी प्रकरण न्यायालयात नेले. 23 ऑक्टोबर 1921 रोजी डब्लिन येथे, वयाच्या 81व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रकृती नाजूक समजून जपलेले आयुष्य दीर्घ निघाले.

अंगणातल्या त्या दोन चाकांचा प्रश्न मात्र त्यांच्यामागेही राहिला. रस्ते डांबराचे झाले तसे शर्यतीच्या सायकलींचे टायर अरुंद आणि कडक होत गेले. उलट, 1933 साली अमेरिकेत श्विन कंपनीने दोन इंचांहून थोड्या रुंद, कमी दाबाच्या फुगीर टायरची सायकल आणली. चाळीसएक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमल्पायस या डोंगराच्या कच्च्या वाटांवरून तरुण मुले अशाच जुन्या, जाड टायरच्या सायकली खाली सोडू लागली. त्यातून माउंटन बाइक जन्मली. आता तिच्या टायरला घट्ट बुटके खिळे आले, जे सैल माती धरून ठेवतात.

अशा सायकलींचे बरेच मालक घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत डांबरावरूनच जातात. त्यांच्यासाठी दुहेरी वापराचे टायर निघाले. त्यांच्या मधोमध सलग किंवा एकमेकांना खेटलेल्या ठोकळ्यांची पट्टी असते आणि दोन्ही कडांना मोकळे, उंच खिळे असतात. डांबरावर सरळ जाताना फक्त मधली पट्टी टेकते. त्यामुळे खिळ्यांची घरघर आणि डगमग कमी होते, सायकल हलकी पळते. दडपलेल्या मातीच्या वाटेवर वळताना सायकल कलते आणि कडेचे खिळे पकड घेतात. कोरड्या, घट्ट पायवाटेवर हे टायर समाधानकारक चालतात.

त्यांची उणीव दोन्ही टोकांना दिसते. डांबरावर वेगात वळताना कलती सायकल खिळ्यांवर येते. खिळे वाकतात आणि पकड भरवशाची राहत नाही. पावसात, ओल्या डांबरावर तर जपूनच वळावे लागते. उलट, चिकट चिखलात मधली पट्टी घसरते आणि ठोकळ्यांमधल्या फटी भरून जातात. खडीच्या उभ्या चढावर स्वार सीटवरून उठला की मागचे चाक जागीच फिरते. रबर मऊ घेतले तर पकड वाढते, पण ते लवकर झिजते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे हवेचा दाब. दोन इंची टायरमध्ये मध्यम वजनाच्या स्वाराला डांबरासाठी साधारण 40 ते 50 पीएसआय आणि पायवाटेसाठी 25 ते 35 पीएसआय दाब पुरतो. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नये. पायवाटेवर टायर गच्च ठेवला तर चाक दगडादगडावर उडते आणि धक्के हातांना बसतात. हँडलवर तळव्याचा दाब आणि वर सततचे हादरे यांनी मनगटातून जाणारी नस दबते. करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागतात. दाब फार कमी केला तर वेगळाच धोका असतो. दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि तिला साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. डांबरावर तोच सैल टायर पाय दमवतो.

म्हणून डांबर सोडून वाटेला लागताना थोडी हवा सोडावी आणि परत डांबरावर आल्यावर ती भरावी. त्यासाठी लहान पंप सोबत असला म्हणजे झाले. त्यापलीकडे, निम्म्याहून जास्त फिरणे चिखलात किंवा खडीत असेल तर पूर्ण खिळ्यांचे टायर घ्यावेत. जवळजवळ सगळे डांबरावर असेल तर गुळगुळीत टायर बरे. दोन्ही सारखे असेल, तरच दुहेरी टायरवर पैसे घालावेत. टायर निवडण्याआधी चाक कोणत्या जमिनीवर फिरणार आहे ते पाहावे, हे डनलॉप यांच्या अंगणातल्या खडबडीत जमिनीने 1887 सालीच दाखवून दिले होते.